यादीतून हरवलेला माड

रत्नागिरी शहरातून पावसच्या रस्त्याने निघाले की काजळी नदीच्या मुखावरचा भाट्ये पूल लागतो. पूल ओलांडला की भाट्ये गाव. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, किनाऱ्यावर सुरूचे बन आणि मागे माडांच्या बागा. या गावी १९५५ साली नारळ संशोधन केंद्र सुरू झाले. डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे हे प्रादेशिक केंद्र आजही तेथे आहे. 'बाणवली' या आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या जातीतून निवड करून 'प्रताप' ही जात विद्यापीठाने १९८७ साली प्रसारित केली.

'निवड करून' हे दोन शब्द वाचायला सोपे आहेत. त्यांच्यामागे काय असते? बियाण्यासाठी नारळ घ्यायचे तर कोणत्याही माडाचे घेऊन चालत नाही. वर्षाला ८० हून अधिक फळे देणारा, तीही एखाद्याच वर्षी नव्हे तर नियमाने देणारा, निरोगी माड शोधावा लागतो. त्याला मातृवृक्ष म्हणतात. असा माड नुसता पाहून ओळखता येत नाही. प्रत्येक माडाला क्रमांक द्यावा लागतो आणि नारळ उतरवताना दर खेपेस किती फळे मिळाली हे वर्षानुवर्षे वहीत लिहून ठेवावे लागते. उंच जातीचे रोप लावल्यापासून फळ धरायला साधारण सहा-सात वर्षे जातात. म्हणजे मातृवृक्ष निवडताना आज झालेली चूक सहा-सात वर्षांनी कळणार, आणि चुकीच्या बियाण्याचा माड पुढे कित्येक दशके बागेत उभा राहणार!

आता ही वही संगणकात भरायची आहे असे समजा. भाट्ये गावातील एखाद्या शाळेच्या दोन विद्यार्थ्यांनी आपल्या आवारातील पाच माडांची नोंद ठेवली आहे. ही नोंदवही आपण येथे कल्पनेनेच तयार करत आहोत. पण तिच्यात ज्या चुका होणार आहेत त्या मात्र अगदी खऱ्या आहेत आणि अनुभवी संगणकतज्ज्ञांनाही त्या चकवतात.

नोंदी ठेवण्याची एक पद्धत अशी:

<बाग>
<माड क्रमांक="१">
<जात>बाणवली</जात>
<फळे>९६</फळे>
</माड>
<माड क्रमांक="२">
<जात>बाणवली</जात>
<फळे>७२</फळे>
</माड>
</बाग>

याप्रमाणे पुढचे तीन माड. या पद्धतीला एक्सएमएल म्हणतात. प्रत्येक माहितीच्या आधी आणि नंतर कोनी कंसात एक खूण असते. पहिली खूण म्हणते 'येथून फळांची संख्या सुरू', दुसरी म्हणते 'येथे संपली'. डबा आणि त्याचे झाकण असावे तसे. एका डब्यात दुसरा डबा ठेवता येतो, पण आतला बंद केल्याशिवाय बाहेरचा बंद करता येत नाही. खुणांची नावे आपण मराठीत दिली आहेत ती केवळ गंमत म्हणून नव्हे. एक्सएमएलचे नियम १० फेब्रुवारी १९९८ रोजी जाहीर झाले तेव्हापासूनच त्यात देवनागरी नावांना जागा आहे. तुमच्या संगणकावर लिहिलेले वर्डचे पत्र असते ना, ते 'डॉक्स' प्रकारचे असेल तर त्या फाइलच्या पोटातही असाच खुणांचा मजकूर दाबून भरलेला असतो.

पण ही नोंद माणसाने वाचायची नाही. माणसाला हवा असतो तक्ता. तेव्हा या नोंदीचे तक्त्यात रूपांतर करायचे. त्यासाठी दुसरे एक पत्रक लिहितात, ते नियमपत्रक. त्याची भाषा एक्सएसएलटी. जेम्स क्लार्क यांनी संपादित केलेली तिची पहिली आवृत्ती १६ नोव्हेंबर १९९९ रोजी आली. नियमपत्रकात साचे असतात. एक साचा म्हणतो, 'बाग दिसली की तक्ता आखायला घे.' दुसरा म्हणतो, 'माड दिसला आणि त्याची फळे ८० हून अधिक असली तर तक्त्यात एक ओळ घाल.' कोणते काम केव्हा करायचे हे येथे सांगत नाहीत; काय दिसले तर काय करायचे एवढेच सांगतात. 

हे नियम प्रत्यक्षात राबवणारा कोणी तरी हवा. आपल्या उदाहरणात ते काम जावा या भाषेतील आज्ञावली करते. जावा १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने प्रसिद्ध केली. तिच्यात 'ट्रान्सफॉर्मर' नावाचा एक तयार कामगार आहे. त्याच्या हातात नोंद द्यायची, नियमपत्रक द्यायचे आणि तक्ता कोठे लिहायचा ते सांगायचे. काम तीन टप्प्यांत होते. आधी नोंद वाचणे, मग साचे लावणे, शेवटी निकाल लिहिणे. नारळ सोलावा, फोडावा आणि खवावा तसे. खोबऱ्यात सोडणाचा तंतू सापडला तर खवणीला दोष देऊन उपयोग नाही, हे कोकणातल्या मुलांना सांगायला नको.

रूपांतर बिघडते तेव्हा ते दोन तऱ्हांनी बिघडते. एक चूक ओरडते, दुसरी गप्प राहते.

ओरडणाऱ्या चुकांचे उदाहरण आधी पाहू. आज्ञावली चालवली आणि पडद्यावर उमटले, 'कंटेंट इज नॉट अलाउड इन प्रोलॉग'. म्हणजे, नोंद सुरू होण्याआधीच काही मजकूर सापडला आणि तो तेथे चालत नाही. सोबत पत्ताही असतो, ओळ १, स्तंभ १. विद्यार्थी फाइल उघडून पाहतो तर पहिल्या ओळीत काहीच वावगे नाही! मग हा मजकूर आला कोठून? पुष्कळदा असे होते की आज्ञावलीला नोंदीतला मजकूर द्यायच्या ऐवजी फाइलचे नावच मजकूर म्हणून दिलेले असते. पोस्टमनला पत्र द्यायच्या ऐवजी नुसता पत्ता लिहिलेला कागद द्यावा आणि त्याने तोच पत्र म्हणून वाचावा, तसा हा प्रकार. दुसरे कारण याहून गमतीचे आहे. काही संपादक फाइलच्या अगदी आरंभी एक अदृश्य खूण टाकतात. संगणकाला ती दिसते, आपल्याला नाही. फाइल जशीच्या तशी दिली तर वाचणारा ती ओळखून बाजूला ठेवतो. पण आपण ती आधी अक्षरांत वाचून मग त्याच्या हातात दिली, तर ती खूण मजकुरात मिसळून जाते आणि तो अडतो.

दुसरा संदेश म्हणजे 'कुड नॉट कंपाइल स्टाइलशीट', नियमपत्रक समजले नाही. हा संदेश ऐकून नवशिक्या निराश होतो, कारण काय समजले नाही ते त्यात नसते. खरा तपशील जावा वेगळ्या वाटेने, चुकांसाठी राखून ठेवलेल्या पडद्यावर टाकते आणि तिकडे पुष्कळदा कोणाचे लक्ष नसते. 'एररलिसनर' नावाचा एक श्रोता कामगाराजवळ बसवता येतो. तो प्रत्येक तक्रार ओळीच्या क्रमांकासह टिपून ठेवतो. तो बसवल्याशिवाय नियमपत्रक दुरुस्त करायला बसू नये, असे माझे मत आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जावाबरोबर येणारा रूपांतरक एक्सएसएलटीची पहिलीच आवृत्ती जाणतो. २००७ साली आलेल्या दुसऱ्या किंवा २०१७ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीतील सोयी वापरायच्या तर मायकेल के यांचा 'सॅक्सन' यासारखा वेगळा रूपांतरक जोडावा लागतो. पुस्तकातला नियम बरोबर उतरवला तरी चालत नाही, तेव्हा पुष्कळदा हेच कारण असते.

ओरडणाऱ्या चुकीला निदान पत्ता असतो. गप्प चुकीला तोही नसतो. आज्ञावली सुरळीत संपते, फाइल तयार होते, कोणी काही म्हणत नाही, आणि निकाल चुकीचा असतो.

आपल्या पाच माडांकडे परत येऊ. पहिल्या तिघांची फळे ९६, ७२ आणि ८४. चौथ्याची १२०, पाचव्याची ६५. ८० हून अधिक फळांचे माड किती? तुम्ही तोंडी सांगाल, पहिला, तिसरा आणि चौथा. रूपांतर करून तक्ता पाहिला, तर त्यात पहिला आणि तिसरा आहेत. चौथा नाही. बागेतला सर्वांत चांगला माडच यादीतून नाहीसा झाला! एकही चूक पडद्यावर आली नाही.

काय झाले? पहिले तीन माड एका विद्यार्थ्याने भरले आणि अंक इंग्रजीत लिहिले. पुढचे दोन दुसऱ्याने भरले आणि अंक मराठीत लिहिले. (येथे छापताना सगळेच अंक मराठीत दिले आहेत, त्यामुळे हा फरक तुम्हाला डोळ्यांनी दिसणार नाही.) आपल्याला दोन्ही अंक सारखेच. संगणकाला मात्र प्रत्येक चिन्हाचा एक क्रमांक असतो. युनिकोड या जागतिक तक्त्यात इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८ आहे आणि मराठी शून्याचा २४०६. इंग्रजी एकाचा ४९, मराठी एकाचा २४०७. एक्सएसएलटी ज्या एक्सपाथ नावाच्या उपभाषेत हिशेब करते, तिची व्याख्या सांगते की संख्या म्हणजे इंग्रजी अंकांची रांग. मराठीतले एकशे वीस तिच्या लेखी संख्याच नव्हे. मग ती त्या जागी 'नॅन' असे एक मूल्य ठेवते. 'नॅन' म्हणजे 'संख्या नव्हे'. आणि नॅनचा स्वभाव मोठा विचित्र आहे. ८० हून मोठा का? नाही. ८० हून लहान का? नाही. ८० एवढा का? तरीही नाही. स्वतःएवढा तरी का? तेही नाही! प्रत्येक प्रश्नाला नकार मिळतो, आणि नकार मिळाला की साचा तो माड सोडून पुढे जातो. नियमाप्रमाणे त्याचे काहीच चुकलेले नाही.

पाचही माडांची बेरीज मागितली असती तर ४३७ च्या जागी नॅन छापून आले असते आणि चूक लगेच उघडी पडली असती. एखाद्या माडाची जागा रिकामी राहिली तरी बेरजेचे हेच होते. म्हणून तक्त्याच्या तळाशी बेरीज असावी ही जुन्या हिशेबनिसांची सवय येथेही उपयोगी पडते.

गंमत अशी की खुद्द जावाला मराठी अंक कळतात! पूर्णांक वाचण्याची जी तिची साधी आज्ञा आहे, तिला मराठीत लिहिलेले १२० दिले तर ती बरोबर एकशे वीस असे उत्तर देते. एकाच घरातली ही दोन माणसे. एकाला मराठी अंक येतात, दुसऱ्याला येत नाहीत. म्हणून 'जावात तर चालत होते' हे ऐकून समाधान मानू नये.

उपाय अवघड नाही. एक्सपाथमध्ये 'ट्रान्सलेट' नावाची क्रिया आहे. तिला दहा मराठी अंक आणि त्यांच्या जागी घालायचे दहा इंग्रजी अंक सांगितले की ती एकेक चिन्ह बदलून देते. हे काम सर्वांत आधी, वेगळ्या रूपांतरात करावे. पहिल्या रूपांतरात फक्त अंक सुधारायचे आणि त्याचा निकाल दुसऱ्याला द्यायचा, म्हणजे पुढे बेरीज, तुलना आणि क्रम या तिन्ही ठिकाणी पुन्हा पुन्हा तीच काळजी घ्यावी लागत नाही.

क्रम म्हणताच आणखी एक गप्प चूक आठवते. माड फळांच्या उतरत्या क्रमाने लावायला सांगितले, तर ९६, ८४, ७२, ६५ आणि सगळ्यांत शेवटी १२० अशी यादी येते. का बरे? क्रम लावणारी आज्ञा, वेगळे सांगितले नाही तर, शब्दकोशाप्रमाणे क्रम लावते. शब्दकोशात पहिले अक्षर आधी पाहतात. १२० चे पहिले अक्षर १, ते सर्वांत लहान, म्हणून एकशे वीस तळाला. 'हे शब्द नसून संख्या आहेत' असे तिला स्पष्ट सांगावे लागते.

तिसरी चूक आपल्या मराठीचीच आहे. 'किनाऱ्याची' हा शब्द पाहा. यातला 'ऱ्य' संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात २३५३ क्रमांकाचा वेगळा 'ऱ' वापरतात. दुसऱ्यात २३५२ क्रमांकाचा नेहमीचा 'र', हलन्त, आणि मग ८२०५ क्रमांकाचे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. कागदावर दोन्ही अगदी एकसारखे दिसतात. संगणक मात्र क्रमांक ताडून पाहतो. नोंदीत एका प्रकारचा 'किनाऱ्याची' आणि नियमपत्रकात दुसऱ्या प्रकारचा असेल, तर तो म्हणणार की हे शब्द निराळे आहेत. तेथेही माड गळतो आणि तेथेही शांतता असते. नुसते पाहून ही चूक कधीच सापडणार नाही. शब्दाची लांबी मोजून पाहावी. दोन्हीकडची लांबी वेगळी आली तर अदृश्य पाहुणा नक्की आहे.

चौथी चूक नावाच्या कुळाची. एकाच वर्गात दोन सुहास असले की आपण आडनाव लावतो. एक्सएमएलमध्येही खुणांना असे आडनाव देता येते. त्याला नामावकाश म्हणतात. बाहेरून आलेल्या नोंदीत सगळ्यात वरच्या खुणेला एक आडनाव जोडलेले असते आणि ते आतल्या सर्व खुणांना आपोआप लागू होते. नियमपत्रकात आपण नुसते 'माड' म्हटले, तर त्याचा अर्थ 'बिनआडनावाचा माड'. तसा एकही माड नोंदीत नाही. मग एकही साचा लागू पडत नाही. अशा वेळी रूपांतरक आपला अंगभूत नियम वापरतो. खुणा सोडून द्यायच्या आणि आतला मजकूर जसाच्या तसा लिहायचा. तक्त्याऐवजी 'बाणवली९६बाणवली७२' अशी मालगाडी छापून आली की ओळखावे, हे आडनावाचे दुखणे आहे. जावात याला एक पुस्तीही आहे. 'डॉक्युमेंटबिल्डरफॅक्टरी' हा नोंदीचा वृक्ष बांधून देणारा कारखाना सांगितल्याशिवाय आडनावांकडे लक्षच देत नाही. त्याला 'नामावकाश पाहा' अशी आज्ञा आधी द्यावी लागते. ती विसरल्यामुळे किती जणांचे किती तास गेले असतील!

आणि शेवटी प्रश्नचिन्हे. तक्ता उघडला तर 'नारळ' च्या जागी चार प्रश्नचिन्हे. किंवा डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए' आणि त्याच्याभोवती भलतीच चित्रविचित्र चिन्हे. हे दोन वेगळे आजार आहेत. 'नारळ' हा शब्द युनिकोडमध्ये चार चिन्हांचा आहे. न, काना, र आणि ळ. नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण बारा. हे बारा बाइट कोणी इंग्रजी लिपीचे समजून वाचले तर चाराऐवजी बारा विचित्र चिन्हे दिसतात. तेव्हा दोष वाचण्यात आहे. चार प्रश्नचिन्हे दिसली तर वाचणे ठीक झाले होते, पण लिहिणाऱ्याकडे मराठी अक्षरांना जागा नव्हती, म्हणून दोष लिहिण्यात आहे. चिन्हे मोजली की आजार कळतो! जावाची १८ वी आवृत्ती २०२२ साली आली, तिच्यापासून यूटीएफ-८ हीच ठरीव पद्धत झाली. त्याआधीच्या आवृत्त्या संगणकाची स्थानिक पद्धत धरत आणि विंडोजवर ती पुष्कळदा इंग्रजीची असे. जुन्या यंत्रांवर अजूनही हे घडते. रूपांतरकाला अक्षरे काढून देण्याऐवजी फाइलच द्यावी आणि निकालही त्यालाच फाइलमध्ये लिहू द्यावा, म्हणजे तो नोंदीच्या माथ्यावर लिहिलेली पद्धत स्वतः वाचून तसे वागतो.

दोष कोणत्या टप्प्यात आहे हे शोधायची एक सुरेख युक्ती जावातच आहे. नियमपत्रक न देता ट्रान्सफॉर्मर तयार केला, तर तो नोंद वाचून तशीच्या तशी लिहून काढतो. म्हणजे पहिला आणि तिसरा टप्पा राहतो, मधला गळतो. या कोऱ्या नकलेतही प्रश्नचिन्हे आली तर नियमपत्रक निर्दोष आहे, त्याला हात लावू नये. नक्कल ठीक आली तर मात्र दोष साच्यांत शोधावा.

नोंदीतला एखादाच माड दगा देत असेल आणि माड पाचऐवजी दोनशे असतील, तर? एकेक तपासत बसायचे का? नोंदीचे दोन भाग करा आणि एकच भाग रूपांतरकाला द्या. दोष दिसला तर तो या शंभरात आहे, नाही दिसला तर उरलेल्या शंभरात. मग पन्नास, पंचवीस, तेरा, सात, चार, दोन, एक. आठ खेपांत दोषी माड हाती लागतो. दोनचा आठवा घात २५६ येतो, म्हणून २५६ माडांपर्यंत आठच खेपा पुरतात. हजार माड असते तर किती खेपा लागतील ते तुम्हीच काढून पाहा.

पण त्याआधी माड हरवला आहे हे कळायला हवे ना? पाच माडांत ते डोळ्यांना दिसले, दोनशेत दिसणार नाही. त्यासाठी तक्त्याखाली तीन आकडे छापावेत. नोंदीत एकूण माड किती, ८० हून अधिक फळांचे किती, आणि ८० किंवा कमी फळांचे किती. आपल्या उदाहरणात ते येतील ५, २ आणि १. दोन आणि एक मिळून तीनच होतात, तेव्हा दोन माड कोणत्याच यादीत नाहीत हे उघड झाले. येथे तिसरा आकडा काढताना एक काळजी घ्यावी. 'जे ८० हून अधिक नाहीत ते' असा प्रश्न विचारला तर नॅन असलेले दोन्ही माड त्यात येऊन बसतात, बेरीज पाच जुळते आणि १२० फळांचा माड निकामी माडांत जमा होतो. प्रश्न सरळ विचारावा, 'फळे ८० किंवा त्याहून कमी आहेत का?' आणि जे माड दोन्ही प्रश्नांना 'नाही' म्हणतील त्यांची क्रमांकवार तिसरी यादी छापावी. ती यादी घेऊन बागेत जावे आणि त्या माडांच्या नोंदी वहीवरून पुन्हा ताडून पाहाव्यात.